बारीक लोकर आणि कॅशमिअरचे स्वेटर : धुण्यापासून पावसाळाभर जपून ठेवण्यापर्यंत

नोकरीनिमित्त एडिंबरामध्ये अडीच वर्षे काढून मी पुण्याला परतले, तेव्हा माझ्या सामानात चार लोकरी स्वेटर होते : तीन मेरिनोचे (मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचे) आणि एक कॅशमिअरचा. तिकडच्या थंडीत ते जवळजवळ रोज अंगावर असत आणि त्यांना काहीही झाले नाही. पुण्यात मात्र पहिल्या दीड वर्षातच त्यांपैकी दोघांची दुर्दशा झाली. मेरिनोचा एक स्वेटर कोमट पाण्यात नेहमीच्या पावडरीने धुतल्यावर आटून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मापाचा झाला. कॅशमिअरचा स्वेटर जानेवारीतल्या एका लग्नात चार तास घातला होता आणि तसाच घडी करून कपाटात ठेवला होता. दिवाळीनंतर तो बाहेर काढला तेव्हा गळ्यापाशी आणि छातीवर मिळून अकरा भोके होती.

दोन्ही चुका माझ्याच होत्या. त्यानंतर मी जे शिकले ते येथे क्रमाने लिहिते आहे, कारण अशा स्वेटरांसोबत मिळणाऱ्या बहुतेक सूचना थंड प्रदेशांतल्या वापरासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांचा सगळा भर धुण्यावर असतो. आपल्याकडे स्वेटर वर्षातून फार तर सहा-आठ आठवडे अंगावर असतो आणि उरलेले दहा महिने कपाटात पडून राहतो. त्यांतले चार महिने दमट पावसाळ्याचे असतात. त्यामुळे महाराष्ट्रात लोकरीला खरा धोका कपाटात असतो. धुणे महत्त्वाचे आहेच, पण त्याचे मुख्य कारण हे की मळलेली लोकर कपाटात टिकत नाही.

हाताशी ठेवण्याच्या वस्तू

- लोकरीसाठीचा द्रव साबण (ईझीसारखा), किंवा रिठे
- मोठे घमेले किंवा टब. अरुंद बादली शक्यतो नको
- दोन जाड टॉवेल
- स्वेटरपेक्षा मोठा कागद आणि पेन्सिल
- मऊ केसांचा कपड्यांचा ब्रश आणि लोकरीवर येणारे बारीक गोळे काढण्याचा कंगवा किंवा बॅटरीवरचे यंत्र
- बारीक क्रोशाची सुई आणि बोथट टोकाची शिवणाची सुई
- जुनी सुती साडी किंवा धोतर, चेन असलेल्या जाड पिशव्या किंवा घट्ट झाकणाचा डबा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या

१. आपल्याकडे नेमके काय आहे ते ओळखा

आपल्याकडे 'लोकर' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. दुकानात लोकरीचे गुंडे मागितले तर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचे गुंडे हाती येतात आणि त्यांना अनेक वर्षांपासून 'कॅशमिलॉन' म्हणण्याची पद्धत आहे. कॅशमिलॉन हे एका जपानी कंपनीच्या अ‍ॅक्रिलिक धाग्याचे नाव. त्याचा कॅशमिअरशी संबंध केवळ उच्चारापुरता आहे, पण या साम्यामुळे अनेकांची फसगत होते. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही आणि ते साध्या पद्धतीने धुता येते. तेव्हा पुढची सगळी खटपट त्याच्यासाठी करण्याची गरज नाही.

खरे कॅशमिअर म्हणजे विशिष्ट शेळ्यांच्या लांब केसांखाली हिवाळ्यात वाढणारी मऊ लव. लडाखमधील चांगथांगच्या पठारावरच्या शेळ्यांची ही लव 'पश्म' म्हणून ओळखली जाते आणि पश्मिना हा शब्द तिच्यावरूनच आला आहे. जगात या लवेचे सर्वाधिक उत्पादन मात्र चीन आणि मंगोलियात होते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, बारीक मेरिनोचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनच्या आसपास असतो आणि चांगल्या पश्मचा १२ ते १५ मायक्रॉन. आपली लोकरीशी जुनी ओळख आहे ती घोंगडीमुळे. घोंगडी ज्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते तिचा तंतू पश्मच्या दुपटीहून जाड भरतो आणि त्यावर चिंचोक्याची खळ दिलेली असते. घोंगडी जे सहन करते ते कॅशमिअर सहन करील, असे गृहीत धरू नका.

लेबल फाटलेले असेल तर आतल्या शिवणीजवळून धाग्याचा इंचभर तुकडा काढा, चिमट्यात धरा आणि बशीवर जाळून पाहा. लोकर किंवा कॅशमिअर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी सहज चुरडेल अशी राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी तयार होतो. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, कागदासारखा जळतो. रस्त्यावर 'पश्मिना' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या अनेक शाली याच धाग्याच्या असतात. मिश्र धाग्यात या खुणा एकमेकींत मिसळतात, हे ध्यानात असू द्या.

२. लेबलवरील चिन्हे

पाण्याच्या भांड्यात हात दाखवला असेल तर स्वेटर हातानेच धुवायचा असतो. भांड्यावर फुली असेल तर तो पाण्यात घालू नये. नुसते वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंग, फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच वर्ज्य आणि चौकोनात आडवी रेघ म्हणजे आडवा पसरून वाळवणे. मेरिनोच्या लेबलवर 'सुपरवॉश' असे लिहिलेले असेल तर त्या लोकरीचे खवले प्रक्रियेने बोथट केलेले असतात आणि यंत्राच्या लोकरीच्या चक्रावर ती धुता येते. हे खवले काय असतात, ते चौथ्या पायरीत येईल.

३. वापरतानाची पथ्ये

कॅशमिअरच्या आत सुती सदरा किंवा बनियन असावे, म्हणजे घाम थेट लोकरीत मुरत नाही आणि धुण्याची वेळ लांबते. अत्तर किंवा डिओडरंट अंगाला लावून ते पूर्ण वाळल्यावरच स्वेटर घाला. एक स्वेटर लागोपाठ दोन दिवस घालू नका. दिवसभर ताणलेल्या टाक्यांना मूळ आकारात यायला आणि शोषलेली वाफ बाहेर टाकायला किमान एक दिवस लागतो; लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा हाताला ओली न लागता धरून ठेवते. संध्याकाळी स्वेटर काढल्यावर तो लगेच कपाटात न कोंबता रात्रभर खुर्चीच्या पाठीवर सैलसर पसरून ठेवावा.

काखेत, बाहीच्या आतल्या बाजूला आणि खांद्यावर जिथे पिशवीचा पट्टा घासतो तिथे गोळे येतात. गोळे दिसले की माल नकली आहे, असा अनेकांचा समज होतो. तो बरोबर नाही. आखूड, मऊ तंतू घर्षणाने पृष्ठभागावर येऊन एकमेकांत गुंततात आणि अस्सल कॅशमिअरवरही सुरुवातीच्या काळात ते येतातच. हाताने गोळे ओढून काढण्याचा मोह मात्र टाळा, कारण एका गोळ्याबरोबर शेजारचे चांगले तंतूही उपसले जातात. स्वेटर टेबलावर सपाट पसरून, एका हाताने कापड किंचित ताणून धरून कंगवा एकाच दिशेने हलके फिरवावा.

४. धुणे

लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे अतिसूक्ष्म खवले असतात. पाणी, उष्णता आणि चोळणे एकत्र आले की ते खवले उघडून एकमेकांत अडकतात, तंतू जवळ ओढले जातात आणि पुन्हा सुटत नाहीत. स्वेटर आटतो तो असा. दुसरी गोष्ट म्हणजे लोकर हे केसांसारखेच प्रथिन आहे. कपड्यांचा वडीचा साबण, नेहमीची पावडर आणि धुण्याचा सोडा हे सगळे अल्कधर्मी असतात आणि अल्कामुळे लोकर खरखरीत व कमजोर होते. डाग घालवण्यासाठी अनेक डिटर्जंटांत प्रथिने पचवणारी एन्झाइम घातलेली असतात; त्यांना सदऱ्यावरचा डाळीचा डाग आणि तुमचा स्वेटर यांतला फरक कळत नाही. क्लोरीनचे ब्लीच तर लोकर चक्क विरघळवते.

सुरुवातीला कोरडा स्वेटर कागदावर सपाट ठेवून त्याची बाह्यरेषा पेन्सिलीने काढून घ्या. बाहीची लांबी आणि छातीची रुंदी त्यावर लिहून ठेवा. हे पाच मिनिटांचे काम अनेकांना अनावश्यक वाटते, पण वाळवताना मूळ आकार नेमका किती होता हे आठवणीने सांगता येत नाही. त्यानंतर आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल दाबून पाहा. रुमालाला रंग लागला तर तो स्वेटर घरी धुऊ नका.

घमेल्यात सहा-सात लिटर पाणी घ्या. पाणी ३० अंश सेल्सिअसपेक्षा गरम नसावे, म्हणजे हाताला ना गरम ना गार लागावे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी मार्चच्या दुपारी याहून बरेच तापलेले असते, म्हणून सकाळचे पाणी घ्या. द्रव साबण बाटलीवरच्या प्रमाणात किंवा त्याहून थोडा कमी घालून पाण्यात पूर्ण मिसळा आणि मगच स्वेटर उलटा करून बुडवा. रिठे वापरायचे असतील तर आठ-दहा रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून पूर्ण गार केलेले पाणी वापरा. पांढऱ्या किंवा फिकट स्वेटरला मात्र रिठ्याची पिवळसर झाक येऊ शकते.

स्वेटर तळहातांनी पाण्यात हलकेच दाबा आणि सोडा. चोळणे, घासणे, ब्रश मारणे यांपैकी काहीही करू नका. गळ्याची आणि मनगटाची कडसुद्धा बोटांनी दाबूनच स्वच्छ होते. दहा मिनिटे पुरतात. त्याहून अधिक वेळ भिजत ठेवल्याने मळ जास्त निघत नाही, उलट रंग उतरण्याची शक्यता वाढते.

ओली लोकर जड आणि दुबळी असते. खांद्याला धरून स्वेटर वर उचलला तर पाण्याच्या वजनाने तो तिथल्या तिथे वीतभर लांबतो. तान्ह्या बाळाला उचलताना आपण मानेखाली आणि पाठीखाली हात घालतो, तसे दोन्ही हात खाली घालून त्याचा गोळा उचला, घमेल्याच्या कडेला ठेवून पाणी निथळू द्या आणि तेवढ्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा विसळून घ्या. घरी बोअरचे जड पाणी येत असेल तर शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घाला, म्हणजे राहिलेला साबण आणि अल्क निघून जातो आणि लोकरीला मऊपणा येतो. हा वास वाळल्यावर उरत नाही.

पिळू नका. टॉवेलवर स्वेटर पसरा, टॉवेलसकट वळकटी करा आणि वरून तळहातांनी किंवा गुडघ्याने दाब द्या. टॉवेल बदलून पुन्हा एकदा तेच करा.

ड्रायक्लीनिंगबद्दल माझे मत असे आहे की तेलाचा डाग, अस्तर असलेला किंवा रंग सोडणारा कपडा यांसाठी ते योग्य आहे, पण साध्या विणीच्या स्वेटरला दर वर्षी द्रावकात घालण्यापेक्षा काळजीपूर्वक पाण्यात धुणे चांगले. ड्रायक्लीनिंगहून आलेली पातळ प्लास्टिकची पिशवी घरी येताच काढून टाका. तिच्यात द्रावकाचा वास आणि ओलावा कोंडून राहतो.

५. वाळवणे

कोरड्या टॉवेलवर कागदाची बाह्यरेषा समोर ठेवून स्वेटरला आकार द्या. बाह्या सरळ करा, खालची पट्टी आणि मनगटे बोटांनी जवळ आणा. दोरीवर किंवा हँगरवर घालू नका. वेताची खाट, जाळीची चौकट किंवा दोन खुर्च्यांवर ताणून बांधलेली मच्छरदाणी यांवर खालूनही हवा लागते. जागा सावलीची असावी, कारण कडक उन्हात ओली पांढरी लोकर पिवळी पडते आणि गडद रंग विटतात. अर्धवट वाळल्यावर एकदा उलटवा. पुण्याच्या फेब्रुवारीत दीड दिवसात स्वेटर पूर्ण वाळतो. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पंखा लावून दोन दिवस धरावेत. पावसाळ्यात स्वेटर धुऊच नयेत. तीन दिवस ओलसर राहिलेल्या लोकरीला जो कुबट वास बसतो तो सहजी जात नाही.

इस्त्रीची गरज फारशी पडत नाही. चुण्या राहिल्याच तर वर ओलसर सुती कापड ठेवून कमी उष्णतेची इस्त्री टेकवावी आणि उचलावी. ती ओढू नये.

६. पावसाळ्यापूर्वी ठेवणे

हीच पायरी मी पूर्वी गाळली होती, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहिते.

आपण 'कसर लागली' असे एका शब्दात म्हणतो, पण लोकर खाणारा जीव आणि पुस्तकांत सापडणारा रुपेरी किडा हे वेगळे आहेत. लोकर खाते ती एका लहान, फिकट सोनेरी पतंगाची अळी. पतंग स्वतः काहीच खात नाही. तो अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा असतो आणि उजेड टाळतो. रात्री ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारे पतंग वेगळे. मादी चाळीस-पन्नास अंडी लोकरीच्या विणीत घालते. अळीला नुसत्या स्वच्छ लोकरीवर नीट पोसता येत नाही. घाम, त्वचेचे कण, सांडलेले अन्न यांतून तिला उरलेले पोषण मिळते. माझ्या स्वेटरला भोके गळ्यापाशी आणि छातीवर पडली, म्हणजे जिथे घाम आणि बहुधा जेवणाचा शिंतोडा होता तिथेच. म्हणून एकदाच घातलेला, दिसायला स्वच्छ असलेला स्वेटरसुद्धा धुतल्याशिवाय किंवा ड्रायक्लीन केल्याशिवाय ठेवायचा नाही. थंडी संपली की होळीच्या सुमारास हे काम उरकून टाका. 'अजून एखादी थंड रात्र येईल' म्हणून एक स्वेटर बाहेर राहतो आणि जूनमध्ये तसाच आत जातो. ही सर्वांत सामान्य चूक आहे.

पूर्ण वाळलेल्या स्वेटरला सकाळचे अर्धा तास ऊन दाखवा, आतली बाजू वर करून, आणि शिवणींवरून मऊ ब्रश फिरवा. ऊन दाखवण्याची आपल्या घरांतली जुनी रीत येथे अगदी योग्य आहे : अळ्या उजेडापासून पळतात आणि ब्रशने अंडी झडतात. मात्र उन्हातून काढलेला गरम कपडा लगेच बंद करू नका. सावलीत तो पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर आतली वाफ पिशवीतच जमते.

त्यानंतर सैल घडी घालून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा आणि चेनच्या जाड पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. नुसत्या सुती पिशवीत हवा खेळते हे खरे, परंतु सैल तोंडाच्या पिशवीत अळीही सहज शिरते, आणि पावसाळ्यात त्या हवेबरोबर दमटपणा येतो. याची दुसरी बाजू अशी की किंचितही ओलसर स्वेटर बंद डब्यात गेला तर त्यावर बुरशी हमखास येते. खात्री नसेल तर आणखी एक दिवस थांबा. जड स्वेटर खाली, कॅशमिअर वर ठेवा.

डांबरगोळ्यांविषयी स्पष्टपणे लिहायला हवे. त्या नॅफ्थलीनच्या असतात आणि त्यांची वाफ बंद डब्यात दाट झाली तरच कसरीवर परिणाम करते. उघड्या कपाटात टाकलेल्या चार गोळ्यांनी केवळ वास येतो. ही वाफ माणसालाही अपायकारक आहे. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना डांबरगोळ्यांतून काढलेले कपडे घातल्याने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. घरात लहान मूल असेल तर त्या वापरू नका. वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला, लॅव्हेंडर यांच्या उग्र वासाने पतंग थोडाफार दूर राहतो, पण विणीत आधीच असलेली अंडी त्याने मरत नाहीत आणि वासही काही आठवड्यांत विरतो. आजीने पेटीत घातलेले वेखंड मला आवडते आणि मी ते मलमलीच्या पुरचुंडीत ठेवतेही, परंतु माझा भरवसा धुतलेल्या लोकरीवर आणि घट्ट झाकणावर असतो.

श्रावणात दोन-चार दिवस उघडीप मिळाली की एकदा डबा उघडून पाहा आणि सिलिका जेलच्या पुड्या बदला.

७. कसर लागलीच तर

भोक, विणीवर जाळ्यासारखा पांढुरका धागा किंवा वाळूसारखे बारीक कण दिसले तर तो स्वेटर इतर कपड्यांपासून ताबडतोब वेगळा करा. बाहेर नेऊन झटका, ब्रश करा, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. एका दाराच्या जुन्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असे नाही. तशा वेळी ड्रायक्लीनिंगला द्या, त्यानेही अंडी आणि अळ्या मरतात. फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर जमेल, लोकरीवर नाही.

दरम्यान कपाट रिकामे करून कोपरे, फटी आणि खणाखालची जागा व्हॅक्यूमने किंवा बारीक कुंच्याने साफ करा आणि तो केर घराबाहेर टाका. घरातली बाकीची लोकर आणि रेशीमही तपासा : शाली, गालिचे, घोंगडी, रेशमी साड्या आणि घरात वाजवायची पेटी (हार्मोनियम) असेल तर तिच्या पट्ट्यांखालची लोकरी फेल्ट. स्वेटर जपला आणि अळ्या पेटीत राहिल्या, तर पुढच्या वर्षी त्या परत येतात.

८. सुटलेला टाका, भोक आणि आटलेला स्वेटर

धाग्याची वेटोळी बाहेर आली असेल तर ती कापू नका. क्रोशाच्या सुईने तिला आतल्या बाजूला ओढून घ्या आणि आजूबाजूचे टाके बोटांनी हलके ताणून तो धागा वाटून टाका. खरे भोक पडले असेल तर आधी भोवतालचे सगळे सुटे टाके पातळ दोऱ्यात ओवून घ्या, म्हणजे ते खाली गळत जाणार नाहीत. दुरुस्तीला देताना हे लक्षात ठेवा की शालीचा रफू आणि स्वेटरची दुरुस्ती यांत फरक आहे. रफूमध्ये उभ्या-आडव्या धाग्यांची वीण पुन्हा भरली जाते, आणि उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. स्वेटरला मात्र सुलट टाक्यावर सुलट टाका घालणारा हात लागतो, नाहीतर दुरुस्त केलेली जागा ताणली जात नाही आणि शेजारी नवे भोक पडते. गल्लीतल्या रफूवाल्याला हे आधीच विचारा. घरात किंवा ओळखीत विणकाम येणाऱ्या एखाद्या काकू असतील तर बहुतेक वेळा त्याच हे काम अधिक चांगले करतात. नव्या स्वेटरसोबत लहान पुडीत जादा धागा मिळतो, तो नाव लिहून जपून ठेवा.

आटलेल्या स्वेटरचे दोन प्रकार असतात. टाके अजून एकेक करून दिसत असतील तर कोमट पाण्यात दोन चमचे केसांचे कंडिशनर मिसळून त्यात तो अर्धा तास भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि कागदावरच्या बाह्यरेषेपर्यंत हळूहळू, सगळीकडून सारखा ताणत न्या. न गंजणाऱ्या टाचण्यांनी कडा टोचून वाळू द्या. दोन-चार सेंटिमीटर परत मिळतात. टाके दिसेनासे होऊन कापड नमद्यासारखे (लोकर दाबून केलेल्या जाड कापडासारखे) घट्ट झाले असेल तर ते परत येत नाही. पण असे कापड कापले तरी उसवत नाही, त्यामुळे त्याचे काही ना काही करता येते. माझ्या मेरिनोच्या स्वेटरमधून तंबोऱ्याच्या भोपळ्याखाली ठेवायचे एक आसन आणि चहाच्या किटलीचे आवरण निघाले. कॅशमिअरच्या अकरा भोकांपैकी नऊ शेजारच्या काकूंनी त्याच्याच शिवणीतून काढलेल्या धाग्याने भरली, उरलेल्या दोन मोठ्या भोकांवर कोपरापासून कापलेल्या बाह्यांचे तुकडे लावले, आणि अर्ध्या बाह्यांचा तो स्वेटर मी या जानेवारीतही घातला.